हाक, नोंद आणि छायाचित्र : बालकल्याणातील संदेशवहनाचा इतिहास

संकटात सापडलेल्या मुलापर्यंत पोहोचणे आणि त्याच वेळी ते मूल कोण आहे हे चारचौघांपासून झाकून ठेवणे ही बालकल्याणाच्या कामातील दोन कर्तव्ये एकमेकांना छेद देणारी आहेत, आणि दूरध्वनीपासून समाजमाध्यमांपर्यंत या कामात जी साधने आली त्यांचा इतिहास बव्हंशी याच ओढाताणीचा इतिहास आहे. 'बालकल्याण' हा शब्द येथे कायद्याच्या अर्थाने घेतला आहे. अनाथ, हरवलेली, घर सोडून आलेली, मजुरीला जुंपलेली किंवा अत्याचाराला बळी पडलेली अठरा वर्षांखालील मुले, ज्यांना कायदा 'काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके' म्हणतो, त्यांच्यासाठी शासन व स्वयंसेवी संस्था जे काम करतात ते बालकल्याणाचे काम. या मुलांविषयीचा संदेश कोण देतो आणि तो कोणाच्या हाती पडतो, हे साधन बदलले की बदलते. मुंबई शहराला या इतिहासात खास स्थान आहे, कारण मुलाने स्वतः फिरवावयाचा मदतीचा दूरध्वनी भारतात प्रथम येथेच सुरू झाला.

गावगाड्यात हरवलेल्या मुलाची बातमी दवंडीने फिरत असे. दवंडी देणाऱ्याला मूल कोणाचे हे सांगावेच लागे, आणि ऐकणारेही त्याच पंचक्रोशीतले असल्यामुळे त्यात लपविण्यासारखे फारसे काही नसे. लपविण्याचा प्रश्न तीव्रतेने उभा राहिला तो एकोणिसाव्या शतकातील पुण्यात. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, म्हणजे विधवा स्त्रियांनी गुपचूप बाळंत होऊन मूल सुखरूप ठेवून जावे, लोकलज्जेपायी त्याचा जीव घेऊ नये, यासाठी आपल्याच आवारात सोय केली, आणि तिची छापील सूचनापत्रके ब्राह्मण वस्तीतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर भिंतींना चिकटविली. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर १८८४ मध्ये दिलेल्या अभिप्रायात जोतीरावांनी या पत्रकांचा उल्लेख केला असून तोवर पस्तीस गर्भवती विधवा त्या घरात येऊन गेल्याची नोंदही केली आहे. सोयीची जाहिरात उघड भिंतीवर आणि तिचा आसरा घेणाऱ्याचे नाव बंद दाराआड, ही जी रचना त्या पत्रकांनी केली ती पुढील दीड शतकातील प्रत्येक चांगल्या योजनेत पुन्हा दिसते. जेथे ती मोडली तेथे काय झाले हेही पुढे दिसेलच.

विसाव्या शतकात हे काम कायद्याच्या चौकटीत आले. मुंबई इलाख्याचा बालकांविषयीचा कायदा १९२४ चा, चिल्ड्रन्स एड सोसायटी ही संस्था १९२७ ची, आणि समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी, पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली गेलेली शाळा १९३६ ची. या व्यवस्थेतील संदेशवहन कागदी होते. पोलीस ठाण्यातील डायरी, परिविक्षा अधिकाऱ्याचा (मुलाच्या घरची परिस्थिती पाहून न्यायालयाला अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्याचा) चौकशी अहवाल, निरीक्षणगृहातील फाइल आणि मुलाच्या गावच्या पोलिसांना पाठविलेले पत्र, असा तो प्रवास असे, आणि त्याच्या संथपणामुळे मुले महिनोन्‌महिने संस्थांत अडकून पडत. फाइल कपाटात राहते, एवढा एक गुण मात्र त्या संथपणाला होता. दूरदर्शन आल्यावर हरवलेल्यांची छायाचित्रे पडद्यावर येऊ लागली आणि मुंबई केंद्रावरील 'आपण यांना पाहिलंत का?' हे शब्द मराठी घरांत इतके परिचयाचे झाले की ते थट्टेतही वापरले जात. तरीही पडद्यावर कोणाचे छायाचित्र जावे हे पोलीस आणि केंद्र मिळून ठरवीत, आणि ते काही क्षणांनी नाहीसे होई.

या साऱ्या साधनांत एक उणीव समान होती, ती म्हणजे मुलाविषयी सर्व जण बोलत, पण मुलाला बोलण्याची सोय कोठेच नव्हती. ती उणीव भरून काढण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न जून १९९६ मध्ये मुंबईत झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कुटुंब व बालकल्याण विभागात अध्यापन करणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांचे शहरातील रात्रनिवाऱ्यांमध्ये आणि रेल्वे स्थानकांवर राहणाऱ्या मुलांकडे येणेजाणे होते. त्यांनी आपल्या घरचा दूरध्वनी क्रमांक काही मुलांना दिला आणि रात्री-अपरात्री आजारपण, मारहाण, पोलिसांची धरपकड अशा कारणांसाठी फोन येऊ लागले. या फोनांमधून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. रस्त्यावरचे मूल दूरध्वनी वापरू शकते, किंबहुना मदत नेमकी कधी हवी हे त्याला कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा आधी कळते. आणि दिवसा कार्यालयीन वेळेत चालणाऱ्या संस्था त्या घटकेला बंद असतात. या निरीक्षणातून 'चाइल्डलाइन' ही चोवीस तासांची विनाशुल्क सेवा उभी राहिली.

तिच्यासाठी मिळालेला क्रमांक १०९८ हा होता. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांनाही तो लक्षात राहावा म्हणून मुले तो 'एक हजार अठ्ठ्याण्णव' असा न म्हणता 'दस, नौ, आठ' असा उलट्या मोजणीने म्हणत, आणि मुंबईच्या फलाटांवरील मुलांची बोली हिंदी असल्यामुळे मराठी मुलखातही तो त्याच रूपात रुळला. या क्रमांकाचे यश ज्या यंत्रणेवर उभे होते तिचा उल्लेख बालकल्याणाच्या इतिहासात सहसा होत नाही. ऐंशीच्या दशकापासून देशभर नाक्यानाक्यावर उभ्या राहिलेल्या पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी-पीसीओ केंद्रांमुळे आणि पानटपरीवर टांगलेल्या एक रुपयाच्या नाण्याच्या फोनमुळे, ज्याच्या घरी फोन नव्हता किंवा ज्याला घरच नव्हते, त्याच्याही हाताच्या अंतरावर दूरध्वनी आला होता. अडचण अशी की १०९८ विनाशुल्क असल्यामुळे केंद्रचालकाला त्या फोनातून काही सुटत नसे, आणि मळक्या कपड्यांतल्या मुलाला फोनला हात लावू देण्यास अनेक जण नाखूश असत. म्हणून चाइल्डलाइनच्या कार्यकर्त्यांना मुलांपाशी जितके बोलावे लागले तितकेच या केंद्रचालकांपाशीही बोलावे लागले. सेवेचा फलक मुलाने वाचण्याआधी टपरीवाल्याने मान्य करावा लागतो, हा धडा दूरसंचाराच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता.

फोन उचलणाऱ्यांत आणि मुलाकडे धावत जाणाऱ्यांत स्वतः रस्त्यावर वाढलेले तरुण असत, आणि शक्यतो तासाभरात मुलापर्यंत पोहोचावे असा दंडक होता. याहूनही विशेष गोष्ट म्हणजे या सेवेने 'मूक कॉल' हा नोंदीचा स्वतंत्र प्रकार मानला. फोन लागतो, पलीकडे श्वास ऐकू येतो, कोणी बोलत नाही आणि थोड्या वेळाने फोन ठेवला जातो, अशा फोनांना कोणतेही सरकारी कार्यालय उपद्रव समजले असते. चाइल्डलाइनमध्ये मात्र ती चाचपणी समजली गेली, कारण मूल आधी क्रमांक खरा आहे का, पलीकडचा आवाज रागावतो का, हे पाहून घेते आणि मग कधीतरी बोलते. थट्टेच्या फोनांकडेही याच नजरेने पाहिले गेले. बालकल्याणात दूरध्वनीचा उपयोग म्हणजे काय, हे या एका नियमाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कशातून क्वचितच कळत असेल.

पुढचा विस्तार वेगाने झाला. १९९८ मध्ये केंद्र शासनाने ही सेवा इतर शहरांत नेण्याचे ठरविले, १९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन ही समन्वय करणारी संस्था नोंदली गेली, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या साहाय्याने फोनांच्या नोंदींचे विश्लेषण करणारी 'चाइल्डनेट' ही संगणकीय प्रणाली तयार झाली, आणि बिलिमोरिया यांच्याच पुढाकाराने २००३ मध्ये निरनिराळ्या देशांतील अशा सेवांचे आंतरराष्ट्रीय जाळे विणले गेले. सन २००० च्या बाल न्याय कायद्यात, सापडलेल्या मुलाला बालकल्याण समितीपुढे (म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय देणाऱ्या, दंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेल्या जिल्हा समितीपुढे) कोणी हजर करावे याच्या यादीत चाइल्डलाइनचे नाव आले. स्वयंसेवी संस्थेच्या दूरध्वनी सेवेला कायद्याच्या कलमात जागा मिळण्याची उदाहरणे फारशी नाहीत.

दुसरा टप्पा संकेतस्थळांचा, आणि त्याची प्रेरणा निराळी होती. दहा मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'बचपन बचाओ आंदोलन' या बालहक्क संस्थेच्या याचिकेवर, हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीत अपहरण किंवा मानवी व्यापाराचा संशय गृहीत धरून गुन्हा नोंदवावा असा आदेश दिला. तोपर्यंत अशी तक्रार बहुतेक ठिकाणी केवळ 'मिसिंग' म्हणून डायरीत पडून राहत असे. नोंदी वाढल्यावर त्यांची सांगड घालणे आले. एका ठाण्यात 'हरवले' म्हणून नोंदलेले मूल दुसऱ्या राज्यातल्या बालगृहात 'सापडले' म्हणून नोंदलेले असते आणि या दोन नोंदींची भेट कधीच होत नाही, हा जुन्या कागदी व्यवस्थेचा दोष होता. 'ट्रॅकचाइल्ड' या शासकीय संकेतस्थळाचा हेतू ती भेट घडविणे हा होता. दोन जून २०१५ रोजी सुरू झालेल्या 'खोया-पाया' या संकेतस्थळाने एक पाऊल पुढे टाकून सामान्य नागरिकालाही हरवलेल्या किंवा आढळलेल्या मुलाची माहिती नोंदविण्याची मुभा दिली. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी चेहरा ओळखणाऱ्या संगणक प्रणालीच्या चाचणीत बालगृहांतील सुमारे ४५ हजार मुलांची छायाचित्रे पडताळून चार दिवसांत २,९३० मुलांची ओळख पटविली, असे न्यायालयाला सांगण्यात आले.

हे आकडे डोळे दिपविणारे आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि या टप्प्यात मुलाचे व्याकरण बदलले, हेही नोंदविले पाहिजे. १०९८ वर मूल प्रथमपुरुषी होते, 'मी अमुक फलाटावर आहे' असे ते स्वतः सांगत होते आणि काय सांगावे, काय राखून ठेवावे, हे तेच ठरवीत होते. संकेतस्थळावर ते तृतीयपुरुषी झाले, त्याची उंची, वर्ण, खुणा आणि छायाचित्र दुसऱ्याने भरले. पळून आलेल्या मुलाला घरी परत जायचे आहे का, घरातूनच तर त्याला धोका नाही ना, हा प्रश्न दोन नोंदी जुळल्या की सुटत नाही. तो बालकल्याण समितीपुढे मुलाला बसवूनच विचारावा लागतो. नोंदींची सांगड गोपनीयता राखूनही घालता येते याचे एक बोलके उदाहरण नागपूरचे आहे. तेथील एका मतिमंद मुलाचे आधार कार्ड काढताना बोटांचे ठसे वारंवार नाकारले गेले, तेव्हा मानकापूर येथील आधार केंद्रात तपासणी झाली आणि त्याच्या नावे जबलपूरला आधीच नोंदणी असल्याचे आढळले. दहा वर्षांपूर्वी हरवलेला तो मुलगा २०२१ मध्ये आईवडिलांकडे परतला. या शोधात त्याचे छायाचित्र गावोगाव फिरवावे लागले नाही.

तिसऱ्या टप्प्यात छायाचित्र फिरले. स्वस्त मोबाइल इंटरनेटनंतर व्हॉट्सॲप हे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत बातमीचे साधन बनले आणि 'हे मूल सापडले आहे, पालकांपर्यंत पोहोचेल इतके फॉरवर्ड करा' हा संदेश दवंडीची जागा घेऊ लागला. दवंडीला पंचक्रोशीची वेस होती आणि तिचा आवाज संध्याकाळी विरून जाई. फॉरवर्डला वेस नाही आणि तो विरत नाही. मूल घरी पोहोचल्यावर कित्येक महिन्यांनीही तोच संदेश नव्या गटांत फिरत राहतो, आणि त्या मुलाचा चेहरा 'हरवलेले' म्हणून कायमचा लोकांच्या फोनमध्ये राहतो. कायदा येथे बहुतेकांच्या समजुतीपेक्षा कडक आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील वृत्तपत्रात वा संदेशवहनाच्या अन्य कोणत्याही प्रकारे प्रसिद्ध करता येत नाही; तसे केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि अपवाद करायचा तर तो मुलाच्या हिताची कारणे लिहून बाल न्याय मंडळाने किंवा बालकल्याण समितीने करायचा असतो. जुन्या कायद्यात हाच दंड एक हजार रुपये होता, २००६ मध्ये तो पंचवीस हजारांपर्यंत गेला. साधनांचा पल्ला जसा वाढला तसा कायदा धास्तावत गेल्याचे या रकमांवरून दिसते. दुसरीकडे कलम ३२ प्रमाणे ज्याला असे मूल सापडेल त्याने चोवीस तासांच्या आत चाइल्डलाइन, पोलीस ठाणे, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कोणालातरी कळविणे बंधनकारक आहे. म्हणजे मुलाचे छायाचित्र शंभर गटांत पाठवून पोलिसांना न कळविणारा परोपकारी मनुष्य दोन कलमांखाली एकाच वेळी दोषी ठरू शकतो.

अफवेचे प्रकरण याहून काळे आहे. सन २०१८ च्या पहिल्या सहामाहीत मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्याचे संदेश आणि चित्रफिती देशभर फिरत होत्या. त्यांतील सर्वाधिक पसरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले दोघे जण गल्लीत खेळणाऱ्या मुलांतील एकाला उचलून नेतात असे दिसे. ती मूळची कराचीतील एका बालसुरक्षा संस्थेने केलेली जनजागृतीची चित्रफीत होती. मूळ चित्रफितीत ते दोघे मुलाला लगेच परत आणून सोडतात आणि मूल पळविणे किती सोपे आहे हे सांगणारा फलक दाखवितात, परंतु कोणीतरी तो शेवट कापून टाकला होता. पालकांना सावध करण्यासाठी केलेले काम शेवट कापताच खुनाची चिथावणी बनले. एक जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. भिक्षेसाठी गावोगाव फिरणे हीच ज्यांची परंपरा, त्यांच्यावर अनोळखीपणाचा आळ सर्वांत आधी आला, हा योगायोग मानता येणार नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठविण्याची मर्यादा जाहीर केली.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, आईवडील दगावलेल्या तान्ह्या मुलांना दत्तक घेण्याची आर्जवे करणारे संदेश असेच फिरले. पाठविणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात कणव होती यात शंका नाही, पण अशा मुलांचे दत्तकविधान २०१५ पासून 'केअरिंग्ज' या केंद्रीय संगणकीय प्रणालीमार्फत, प्रतीक्षायादीच्या क्रमाने आणि मुलाला कायदेशीररीत्या 'मुक्त' घोषित केल्यावरच होते, आणि हा क्रम डावलून मूल देणे-घेणे हा गुन्हा आहे; अनाथ मुले बाजारात येऊ नयेत यासाठीच तो वेळखाऊ ठेवला आहे. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अशा बेकायदा दत्तक व्यवहारांत गुंतलेल्यांवर कारवाई करण्याचे निर्देश दिले.

मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींचा प्रश्न स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. अशा चित्रफिती प्रसारित करणे गुन्हा ठरविणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६७-ब ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. एप्रिल २०१९ मध्ये भारताच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित बालकांच्या राष्ट्रीय केंद्राशी करार केला, ज्यामुळे समाजमाध्यम कंपन्यांनी त्या केंद्राला कळविलेली भारताशी संबंधित प्रकरणे येथील पोलिसांपर्यंत येऊ लागली. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा सामग्रीला 'पोर्नोग्राफी' न म्हणता शोषण व अत्याचाराची सामग्री म्हणावे असे सुचवून तिचा साठा करणेही गुन्हा ठरू शकते असे स्पष्ट केले. नाव बदलण्याचा आग्रह वरवर शाब्दिक वाटतो, परंतु त्यामुळे चित्रातील मूल बळी आहे हे प्रत्येक कागदावर लिहिले जाते.

चाइल्डलाइनचे मूळ रूप आता राहिलेले नाही. 'मिशन वात्सल्य' योजनेखाली २०२३ पासून १०९८ ही सेवा टप्प्याटप्प्याने राज्यांच्या महिला व बालविकास विभागांकडे आली आणि पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका यांच्या ११२ या सामायिक आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. एकच यंत्रणा असल्याने मदत लवकर पोहोचेल असे शासनाचे म्हणणे आहे. पोलिसांच्या भीतीने पळणारे मूल पोलिसांशी जोडलेल्या क्रमांकावर बोलेल का, अशी शंका या क्षेत्रात दीर्घकाळ राबलेल्यांनी घेतली आहे, आणि बिलिमोरिया यांच्या घरी रात्री-अपरात्री येणाऱ्या त्या फोनांमागे पोलिसांची धरपकड हेही एक कारण होते हे लक्षात घेतले तर ती शंका रास्त ठरते. पीसीओची पिवळी केंद्रे आणि नाण्यांचे फोन रस्त्यांवरून जवळजवळ नाहीसे झाले आहेत, त्यामुळे ज्या मुलाकडे स्वतःचा मोबाइल नाही त्याला हा क्रमांक फिरविण्यासाठी आता आधी कोणा मोठ्या माणसाचा फोन मागावा लागतो. क्रमांक तोच आहे, १०९८, आणि तो आजही विनाशुल्क आहे.